‘फक्त आयपी’ मागितलं आणि निम्मी वाहतूक दिसेनाशी झाली

एका मध्यम आकाराच्या कार्यालयात लिनक्सवर चालणारं गेटवे यंत्र होतं. त्याला दोन नेटवर्क कार्डं: ईथ-० कार्यालयाच्या बाजूला, ईथ-१ इंटरनेटच्या बाजूला, आणि मधे नॅट, म्हणजे आतल्या खासगी पत्त्यांच्या जागी बाहेर एकच सार्वजनिक पत्ता लावण्याची सोय. या यंत्रावर सी भाषेतला एक छोटा प्रोग्राम बरीच वर्षं चालत होता. ईथ-० वरून ये-जा करणारी आयपीव्ही४ पॅकेटं पाहायची आणि आतल्या प्रत्येक पत्त्याच्या नावावर किती बाइट पडले याची बेरीज ठेवायची, एवढंच त्याचं काम. जाणारं किती आणि येणारं किती हे तो वेगळं नोंदत नव्हता. प्रत्येक पत्त्यापुढे एकच आकडा.

पहिली तक्रार जुनी होती. या प्रोग्रामची महिन्याची बेरीज इंटरनेट पुरवठादाराच्या आकड्याच्या पासंगालाही पुरत नसे. कार्यालयात सगळ्यांचा संशय पुरवठादारावर. आपल्या डोळ्यांसमोर मोजलेला आकडा खरा आणि बिलावरचा फुगवलेला, असं मानणं सोपं असतं.

दुसऱ्या तक्रारीमुळे प्रकरण पुढे आलं. गेटवेवर दोन-तीन आभासी यंत्रं चालवायची ठरली. ती कार्यालयाच्याच नेटवर्कात दिसावीत म्हणून बीआर-० नावाचा ब्रिज (यंत्राच्या आतला आभासी स्विच) केला आणि ईथ-० त्यात घातलं. इंटरनेट चालू, प्रिंटर चालू, कोणाला काही जाणवलं नाही. फक्त मोजणीचा आलेख त्याच क्षणी शून्यावर आला आणि तिथेच राहिला.

त्यात गोंधळ वाढवणाऱ्या दोन गोष्टी होत्या. टीसीपीडंप (पॅकेटं पाहायचा प्रोग्राम) ईथ-० वर लावला की सगळी पॅकेटं धो धो दिसत. म्हणजे कार्ड, केबल, ड्रायव्हर यांत काही खोट नाही. दुसरं, याच प्रोग्रामात आणखी एक सॉकेट (कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, पॅकेटं घेण्याचं दार) होतं. शेजारचा स्विच कोणता आणि आपण त्याच्या कितव्या पोर्टवर आहोत हे कळावं म्हणून ते एलएलडीपीच्या चौकटी (शेजारच्या उपकरणाने स्वतःची ओळख सांगणारी ईथरनेट पॅकेटं) ऐकत असे. ते सॉकेट ईथ-० वरच होतं, तशाच चार ओळींनी उघडलेलं, आणि ब्रिज झाल्यावरही ठणठणीत चाललं होतं. एकाच प्रोग्रामात, एकाच इंटरफेसवर, एक सॉकेट ऐकतं आणि दुसरं ठार बहिरं. त्यामुळे बघणाऱ्यांनी सॉकेटचा भाग निर्दोष ठरवला आणि बेरजेच्या कोडमध्ये चूक शोधत बसले.

दोन सॉकेटांत फरक एका आकड्याचा होता. दोन्ही पॅकेट सॉकेट, पण एकाने उघडताना ईथरटाइप (चौकटीत काय आहे ते सांगणारा आकडा) ०८०० मागितला होता, म्हणजे आयपीव्ही४. दुसऱ्याने ८८सीसी, म्हणजे एलएलडीपी. (इथून पुढचे सगळे ईथरटाइप हेक्समध्ये आहेत.) टीसीपीडंप मात्र असं काही मागत नाही. तो ‘सगळं’ मागतो आणि चाळणी वेगळी लावतो.

कर्नल पॅकेटाचा प्रकार कुठे पाहतो

ईथरनेट चौकटीत आधी सहा बाइट पोहोचण्याचा पत्ता, मग सहा बाइट निघण्याचा पत्ता, आणि त्यानंतर, म्हणजे बाराव्या बाइटापासून, दोन बाइटांचा प्रकार. ०८०० आयपीव्ही४, ०८०६ एआरपी, ८६डीडी आयपीव्ही६, ८१०० व्हीलॅन टॅग, म्हणजे एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी नेटवर्काचा शिक्का. त्या जागी दशमान १५०० किंवा त्याहून लहान आकडा असेल तर तो प्रकार नसून चौकटीची लांबी असते; प्रकार १५३६ पासून पुढे सुरू होतात. ‘सगळं’ या मागणीसाठी लिनक्सने ३ हा आकडा घेतला आहे. तो लांबीच्या टापूत येतो, त्यामुळे तारेवरच्या कुठल्याही खऱ्या प्रकाराशी त्याची गाठ पडत नाही. ड्रायव्हर चौकट वर देताना हे दोन बाइट वाचून पॅकेटाच्या कर्नलमधल्या नोंदीत प्रकार लिहून ठेवतो. पुढचा सगळा व्यवहार त्या नोंदीवर चालतो.

इथपर्यंत सगळ्यांचं चित्र बरोबर असतं. चुकतं ते यापुढे. बहुतेकांना वाटतं की ‘मला ०८०० द्या’ म्हणजे सगळ्या पॅकेटांच्या ओघाला लावलेली चाळणी: बाकीची गाळा, आयपी तेवढी माझ्याकडे येऊ द्या. कर्नलमध्ये तसं घडत नाही. कर्नल श्रोत्यांच्या वेगवेगळ्या याद्या ठेवतो. ‘सगळं’ मागणारे एका यादीत, विशिष्ट प्रकार मागणारे दुसऱ्या यादीत. आणि या दोन याद्या पॅकेटाच्या वाटेवर दोन निरनिराळ्या ठिकाणी वाचल्या जातात. सोयीसाठी पहिलीला ‘सर्व-यादी’ आणि दुसरीला ‘प्रकार-यादी’ म्हणतो.

आत येणाऱ्या पॅकेटाची वाट साधारण अशी आहे. चौकटीवर व्हीलॅनचा टॅग असेल आणि कार्डाने तो आधीच काढलेला नसेल, तर कर्नल तो काढून बाजूला नोंदवतो. मग लगेच सर्व-यादी वाचली जाते. टीसीपीडंपला त्याची प्रत इथे मिळते. त्यानंतर टीसीचे, म्हणजे कर्नलच्या वाहतूक-नियंत्रण विभागाचे, आत येण्याच्या बाजूचे नियम. मग टॅग असेल तर पॅकेट त्या व्हीलॅनच्या आभासी इंटरफेसकडे वळवून वाट पुन्हा पहिल्यापासून सुरू. मग इंटरफेसवर कोणी ‘हँडलर’ बसवला असेल तर त्याची पाळी. ब्रिज, बाँडिंग, मॅकव्हीलॅन, ओपन व्हीस्विच हे सगळे याच खुर्चीत बसतात. आणि या सगळ्यातून जे उरतं ते शेवटी प्रकार-यादीकडे.

प्रकार-यादीत कोण कोण आहे हे कोणालाही पाहता येतं. /प्रॉक/नेट/पीटाइप ही फाइल उघडा. त्यात ०८०० समोर आयपी-आरसीव्ही दिसतं. हे कर्नलचं स्वतःचं आयपीव्ही४ स्वीकारणारं फंक्शन. ०८०६ समोर एआरपी-आरसीव्ही. आणि आपल्या यंत्रावर आणखी एक ओळ होती: ०८००, ईथ-०, पॅकेट-आरसीव्ही. ही मोजणी करणाऱ्या प्रोग्रामची. म्हणजे ‘०८०० द्या’ म्हणणारा प्रोग्राम पहारेकऱ्यांच्या रांगेत नव्हता. तो आयपी या प्रोटोकॉलच्याच शेजारी, त्याच्यासारखाच एक स्वीकारणारा म्हणून बसला होता. दिंडीदरवाजात बसलेल्याला वाड्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसतो. माजघरात बसलेल्याला माजघरापर्यंत जो आला तेवढाच.

ही एक ओळ पाहिली की दोन्ही तक्रारींचा उलगडा होतो.

पहिली तक्रार: बेरीज कमी का

बाहेर जाणारं पॅकेट ड्रायव्हरच्या हाती देण्याच्या जरा आधी कर्नल त्याची प्रत श्रोत्यांना देतो. पण तिथे फक्त सर्व-यादी वाचली जाते. प्रकार-यादी वाचलीच जात नाही, आणि विचार केला तर ती वाचली जाऊही नये. त्या यादीत आयपी-आरसीव्ही बसलेलं आहे. बाहेर जाणारं प्रत्येक पॅकेट त्याच्या हाती पडलं असतं तर यंत्राने स्वतःच पाठवलेली पॅकेटं स्वतःच स्वीकारायला घेतली असती. ही यादी पोहोचवण्यासाठी आहे, पाळतीसाठी नाही.

लिनक्सच्या पॅकेट सॉकेटवरच्या मॅन पानात (माहितीपुस्तिकेत) हे लिहिलेलं आहे, पण अशा रीतीने की वाचणाऱ्याचं लक्ष जाऊ नये: त्या प्रकारची आत येणारी सगळी पॅकेटं सॉकेटकडे जातील. ‘आत येणारी’ हे शब्द तिथे आहेत. त्यांवर जोर नाही.

मग ही गोष्ट इतकी वर्षं कोणाच्या लक्षात कशी आली नाही? प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या लॅपटॉपवर तपासला होता. लॅपटॉपवर ‘आत येणारं’ म्हणजे डाउनलोड. माणूस चित्रफिती पाहतो, फाइली उतरवतो, तेव्हा बरीचशी वाहतूक आत येणारीच असते. अपलोड हरवलं तरी बेरीज जवळपास बरोबर दिसते. तोच प्रोग्राम गेटवेच्या ईथ-० वर नेला की दिशा उलटी होते. तिथे ‘आत येणारं’ म्हणजे कर्मचाऱ्यांकडून निघालेलं, म्हणजे त्यांचं अपलोड आणि पोचपावत्या. त्यांचं डाउनलोड ईथ-० मधून बाहेर पडतं आणि ते या सॉकेटला दिसत नाही. वाहतुकीचा जाडजूड भाग गायब, आणि उरलेल्या बारीक भागाचा आलेख दिवसा चढतो, रात्री उतरतो, जेवणाच्या सुट्टीत किंचित खाली येतो. आकार अगदी पटण्यासारखा. शून्य दिसलं असतं तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ओरडलं असतं. पुरवठादाराचा आकडा बरोबर होता, हे सांगायला अर्थातच कोणी त्याच्याकडे गेलं नाही.

दुसरी तक्रार: शून्य का

ईथ-० ब्रिजमध्ये गेलं की त्या इंटरफेसवरची हँडलरची खुर्ची ब्रिजकडे जाते. हँडलरची पाळी सर्व-यादीच्या नंतर आणि प्रकार-यादीच्या आधी येते. ब्रिज पॅकेट ताब्यात घेतो आणि कर्नलला सांगतो, ‘हे मी घेतलं, तुझं काम संपलं.’ ईथ-० च्या प्रकार-यादीपर्यंत मग काही उरतच नाही. पॅकेट गेटवेसाठीच असेल तर ब्रिज त्यावरचं इंटरफेसचं नाव बदलून बीआर-० करतो आणि ते नव्याने वाटेला लावतो. दुसऱ्या फेरीत ते आयपी-आरसीव्हीपर्यंत पोहोचतं. म्हणून इंटरनेट चालू राहिलं. पण आता ते ईथ-० चं पॅकेट उरलेलं नसतं, आणि आपलं सॉकेट ईथ-० ला बांधलेलं. टीसीपीडंप सर्व-यादीत आहे, त्याला ब्रिजच्या आधीच प्रत मिळते.

राहिला एलएलडीपीचा चकवा. या चौकटी ०१-८०-सी२-००-००-०ई या खास समूह-पत्त्यावर जातात. या पत्त्यावरच्या चौकटी ब्रिजने पुढे पाठवायच्या नसतात, त्या शेजाऱ्यापुरत्याच असतात. लिनक्सचा ब्रिज, मुद्दाम वेगळं सांगितलेलं नसेल तर, अशी चौकट ताब्यात न घेता ‘जाऊ दे पुढे’ म्हणतो. ती ईथ-० चीच राहून प्रकार-यादीपर्यंत पोहोचते, आणि ८८सीसी मागणाऱ्याला मिळते. म्हणजे ते सॉकेट शाबूत होतं ते ब्रिजच्या एका अपवादामुळे. सॉकेटचं कोड बरोबर असल्याचा तो पुरावा नव्हता, पण तसा तो मानला गेला.

अशा वेळी पाहायची दुसरी फाइल म्हणजे /प्रॉक/नेट/पॅकेट. यंत्रावरचं प्रत्येक पॅकेट सॉकेट तिथे एका ओळीत दिसतं, आणि ‘प्रोटो’ या स्तंभात त्याने काय मागितलं ते: ०००३ म्हणजे सगळं, ०८०० म्हणजे फक्त आयपीव्ही४. टीसीपीडंप चालू ठेवून ही फाइल पाहिली तर दोन ओळी एकाखाली एक येतात आणि फरक डोळ्यांत भरतो. माझ्या मते अशा कुठल्याही तक्रारीत कोड उघडण्याआधी या दोन फाइली उघडाव्यात. हे सगळं पडताळायला खरं कार्डही लागत नाही: दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच यंत्रातली अलग नेटवर्कं), त्यांच्यामधे एक व्हीईथ जोडी (आभासी केबल), आणि एका बाजूला ०८०० चं सॉकेट. पिंग पाठवा, येणारी पॅकेटं दिसतील, जाणारी नाहीत. मग ते टोक ब्रिजमध्ये घाला. येणारीही बंद होतील.

बरं वाटलेला खोटा उपाय

प्रकरण समजण्याआधी एकाने सॉकेटचं ईथ-० शी असलेलं बंधन काढून टाकलं. आकडे परत आले, आधीपेक्षा मोठे आले, आणि एक दिवस सगळे खुश होते. पण इंटरफेस न सांगितलेलं ०८०० चं सॉकेट यंत्रावरच्या सगळ्या इंटरफेसांची आत येणारी आयपी पॅकेटं घेतं. बीआर-० वरून कर्मचाऱ्यांचं अपलोड येऊ लागलं, आणि ईथ-१ वरून सगळ्यांचं डाउनलोडही. मात्र ईथ-१ वर आलेल्या पॅकेटावर अजून नॅट झालेलं नसतं. त्यावरचा पत्ता गेटवेचा सार्वजनिक पत्ता. त्यामुळे अख्ख्या कार्यालयाचं डाउनलोड एकाच पत्त्याच्या नावावर जमा झालं. एकूण बेरीज बिलाच्या जवळ गेली हे खरं. पण कोणी किती वापरलं, ज्यासाठी हा प्रोग्राम होता, ते काही कळत नव्हतं. आणि आभासी यंत्रं आणि कार्यालयातले संगणक यांच्यात ब्रिजवरूनच परस्पर जाणारी वाहतूक यात कुठेच नव्हती. ती गेटवेच्या आयपीपर्यंत चढतच नाही.

खरा उपाय आणि त्यातला बारावा बाइट

उपायाची दिशा उघड होती: ‘सगळं’ मागायचं, ईथ-० लाच बांधून राहायचं, आणि आयपीव्ही४ ची निवड चाळणीने करायची. ही चाळणी कर्नलमध्येच लागावी, नाहीतर नको असलेलं प्रत्येक पॅकेट रांगेत लागून प्रोग्रामपर्यंत येईल आणि तिथे फेकलं जाईल.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या स्टीव्हन मॅक्केन आणि व्हॅन जेकबसन यांनी बीएसडी पॅकेट फिल्टर, म्हणजेच बीपीएफ, मांडला. त्यावरचा त्यांचा निबंध १९९३ च्या हिवाळी यूझनिक्स परिषदेत आला. कल्पना अशी की वापरणाऱ्याने चाळणीचा एक छोटासा प्रोग्राम कर्नलला द्यायचा, आणि कर्नलने तो पॅकेट जिथे आलं तिथेच चालवायचा, नको असलेल्याची नक्कल करण्याआधी. त्यापूर्वीची चाळणी स्टॅकवर चालणाऱ्या काल्पनिक यंत्रासाठी लिहिलेली होती. यांची रजिस्टरवर चालणाऱ्या यंत्रासाठी. जुन्या रचनेच्या तुलनेत ती २० पटींपर्यंत वेगवान असल्याचं त्यांनी दाखवलं. लिनक्सने पुढे हीच भाषा सॉकेटांसाठी घेतली. आज कर्नल ती आतल्या आत ईबीपीएफमध्ये (बीपीएफच्या नव्या रूपात) बदलून चालवतो, पण लिहिणाऱ्याला फरक पडत नाही.

‘फक्त आयपीव्ही४’ ही चाळणी चार सूचनांची आहे. बाराव्या बाइटापासून दोन बाइट उचल. ते ०८०० आहेत का पाहा. असतील तर पॅकेट दे. नसतील तर शून्य बाइट दे, म्हणजे टाकून दे. टीसीपीडंपला ‘डी’ हा पर्याय देऊन ‘आयपी’ असं लिहिलं की तो नेमक्या याच चार ओळी छापतो. त्या तिथून उचलून प्रोग्रामात घातल्या गेल्या. निकाल: पुन्हा शून्य.

कारण सॉकेटचा दुसरा गुण. ते ‘डीग्राम’ जातीचं होतं, ‘रॉ’ जातीचं नव्हतं. डीग्राम जातीच्या पॅकेट सॉकेटला ईथरनेटचं हेडर काढून दिलं जातं, आणि चाळणीलाही पॅकेट तसंच, आयपी हेडरापासून, दिसतं. आयपीव्ही४ हेडरात बाराव्या बाइटापासून काय असतं? पाठवणाऱ्याचा पत्ता. म्हणजे चाळणी प्रकार विचारत नव्हती. पाठवणाऱ्याचा पत्ता ८.० ने सुरू होतो का, असं विचारत होती. या प्रकरणातला माझा आवडता क्षण हाच. चाळणी बिनचूक, कर्नल बिनचूक, फक्त बारावा बाइट दुसऱ्याच कागदावरचा. /प्रॉक/नेट/पॅकेट मध्ये हेही दिसत होतं: ‘टाइप’ स्तंभात डीग्रामसाठी २, रॉसाठी ३.

डीग्राम ठेवूनही मार्ग आहे. लिनक्सच्या बीपीएफमध्ये काही ऋण अंतरांना खास अर्थ दिले आहेत. उणे ४०९६ वरून उचललं की पॅकेटाचे बाइट न मिळता कर्नलच्या नोंदीतला प्रकार मिळतो. पण पुढच्या कारणासाठी सॉकेट रॉ जातीचं करणंच बरं पडलं.

एक काळजी आणखी घ्यावी लागते. ‘सगळं’ मागून सॉकेट उघडलं आणि मग चाळणी लावली, तर मधल्या क्षणात आलेली नको ती पॅकेटं रांगेत बसलेली असतात. म्हणून सॉकेट उघडताना प्रकाराच्या जागी शून्य द्यावं, म्हणजे ते काहीच ऐकत नाही. मग चाळणी लावावी. आणि शेवटी बांधताना ‘सगळं’ सांगावं.

टॅग कुठे जातो

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण पाहुण्यांच्या वायफायसाठी २० क्रमांकाचा व्हीलॅन होता, ईथ-०.२० या नावाने. नव्या मोजणीत पाहुण्यांचं अपलोड दिसत होतं, डाउनलोड नाही. पहिल्या तक्रारीसारखंच चित्र, कारण पूर्ण वेगळं.

आत येणाऱ्या चौकटीवरचा टॅग सर्व-यादी वाचण्याआधीच काढलेला असतो हे वर आलंच आहे. बारा आणि सोळा यांच्या मधले चार बाइट निघाल्यामुळे बाराव्या बाइटावर ८१०० ऐवजी आतला ०८०० येतो, आणि चाळणी त्याला आयपी म्हणून सोडते. बाहेर जाताना मात्र टॅग कोण लावणार यावर सगळं अवलंबून. कार्ड स्वतः टॅग लावणारं असेल, तर कर्नल टॅग बाजूच्या नोंदीत ठेवून पॅकेट तसंच देतो. श्रोत्याला ०८०० दिसतो. कार्डाची ती सोय बंद असेल, तर कर्नल टॅग चौकटीत आधी घालतो आणि मग श्रोत्यांना प्रत देतो. श्रोत्याला ८१०० दिसतो. या यंत्रावर ती सोय पूर्वी कोणीतरी ड्रायव्हरच्या कुठल्याशा तक्रारीवरून बंद केलेली होती. ईथटूल या कार्डाच्या सोयी दाखवणाऱ्या साधनाने पाहिल्यावर ते कळलं. चाळणीत दुसरी वाट घातली: बाराव्यावर ८१०० असेल तर सोळाव्यावर ०८०० आहे का पाहा. आणि आत येणाऱ्यांपैकी पाहुण्यांची पॅकेटं कोणती हे ओळखायला टॅग पॅकेटात शोधून उपयोग नव्हता. तो सॉकेटाकडून वेगळी जोडमाहिती म्हणून मागून घ्यावा लागतो.

हाच खेळ टीसीपीडंप वापरणाऱ्यांना हमखास चकवतो. टॅग असलेल्या वाहतुकीवर थेट ‘यूडीपी पोर्ट ६७’ अशी चाळणी लावली की पॅकेटं मिळतात. तीच फाइलमध्ये साठवली आणि फाइलवर तीच चाळणी लावली, तर एकही नाही. कर्नलमधली चाळणी टॅग काढलेलं पॅकेट पाहते. लिबपीकॅप (टीसीपीडंपच्या आतली लायब्ररी) नंतर टॅग जागेवर परत बसवून फाइलमध्ये लिहितं. फाइलवरच्या चाळणीला मग सगळं चार बाइट सरकलेलं दिसतं. डीएचसीपीचा, म्हणजे आपोआप आयपी पत्ते वाटण्याचा, घोळ शोधताना माणसं या भोवऱ्यात तासन्‌तास अडकतात.

आणि कर्नलमधले सगळे विभाग या बाबतीत एकमताने वागतात असंही नाही. टीसीच्या नियमात ‘प्रोटोकॉल आयपी’ लिहिलं तर टॅग असलेलं आयपी पॅकेट त्यात बसत नाही, कारण टीसी बाजूच्या नोंदीतला टॅग पाहून प्रकार ८१०० धरतं. सॉकेटची चाळणी त्याच पॅकेटाला आयपी म्हणते. शिवाय टीसीमधलं ‘ऑल’ हे खरोखरच ‘कुठलाही प्रकार’ असं आहे. त्याने नियमाची जागा बदलत नाही. पॅकेट सॉकेटमधलं ‘ऑल’ मात्र जागाच बदलतं. एकाच यंत्रावर, एकाच पॅकेटाबद्दल, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शांतपणे नांदत असतात. मला हे सुंदर वाटत नाही, पण दोन्ही बाजूंवर इतके प्रोग्राम विसंबून आहेत की आता ते बदलणं अवघड आहे.

हिशेब जुळवताना

नवी मोजणी लागल्यावर बाइटांची बेरीज कार्डाच्या स्वतःच्या आकड्यांच्या जवळ आली. थोडा फरक राहिला आणि तो समजण्यासारखा होता. एआरपी आणि आयपीव्ही६ मोजायचंच नव्हतं. फायरवॉलने टाकलेली पॅकेटं मात्र मोजली जात होती: आयपीटेबल्सचे नियम आयपी-आरसीव्हीच्या पुढे सुरू होतात आणि सर्व-यादी त्याच्या कितीतरी आधी. आयपीटेबल्सने डीएचसीपी अडवायला गेलेल्यांना हे ठाऊक असतं. पॅकेट सॉकेटवर ऐकणारा डीएचसीपी सर्व्हर त्या नियमांना दाद देत नाही.

पॅकेटांची संख्या मात्र स्विचच्या संख्येशी जुळेना, आणि जुळणारही नव्हती. आत येताना कर्नल एकाच टीसीपी जोडणीचे सलग तुकडे जोडून एक मोठं पॅकेट करतो, आणि ते श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याआधी. बाहेर जाताना मोठ्या पॅकेटाचे तुकडे बरेचदा कार्डच करतं, म्हणजे श्रोत्यांच्या नंतर. ईथरनेटवर १५०० बाइटांची मर्यादा असताना आपल्या प्रोग्रामला वीस-तीस हजार बाइटांची पॅकेटं दिसतात ती यामुळे. बाइटांच्या हिशेबात यातून फक्त मधल्या हेडरांचे बाइट गळतात. पॅकेटांच्या हिशेबाला अर्थच उरत नाही. जोडण्या-तोडण्याच्या या सोयी ईथटूलने बंद करता येतात, पण केवळ मोजणीसाठी गेटवेचा वेग घालवणं शहाणपणाचं नव्हतं.

म्हणून अहवालातून पॅकेटांचा स्तंभ काढला आणि बाइटांचा ठेवला. ब्रिजवरून परस्पर होणाऱ्या वाहतुकीपैकी ईथ-० ओलांडणारी आता दिसते. दोन आभासी यंत्रांची आपापसातली दिसत नाही. ती ईथ-० वर येतच नाही, आणि ती मोजायची असेल तर त्या यंत्रांच्या टोकांवर वेगळी सॉकेटं लावावी लागतील. कार्यालयाने तूर्त ते नको म्हटलं.